माझ्या भिंतीवरचा बर्फ

आमच्या गल्लीत बारा महिने बर्फ असतो. अमरावतीत मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, दुपारी बाहेर पडायचं तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून डाकूसारखं पडावं लागतं, अशा गावात बर्फ. तोही थोडाथोडका नाही, वीस फूट लांब आणि नऊ फूट उंच. हा बर्फ माझ्या घराच्या भिंतीवर आहे आणि तो दामूभाऊ पेंटरांनी काढलेला आहे. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कर्कवृत्त आपल्या उत्तरेकडून जातं, आपण त्याच्या खाली भाजत असतो, हे फळ्यावर आखून आखून माझा खांदा उतरला. आणि निवृत्त झाल्यावर माझ्याच भिंतीवर हा प्रकार आला.

चित्र एका घराचं आहे. परदेशात नाताळाच्या दिवसांत असतं म्हणतात तसं. उतरतं छप्पर, छपरावर बर्फाचा थर, धुराड्यातून निघणारा धूर, खिडक्यांत पिवळा उजेड, अंगणात नाताळाचं झाड, दारावर हिरव्या पानांचं गोल कडं. असं तोंडी सांगितलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. प्रत्यक्ष पाहिलं की तो आधी चित्राकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "सर, हे पडून राहिलं काय?"

कारण घर वाकडं आहे. रस्त्याच्या बाजूने ते देवळाएवढं उंच आहे आणि दुसऱ्या टोकाला कोंबड्यांच्या खुराड्याएवढं. दार इतकं रुंद की जोडी जुंपलेला छकडा आत जाऊन वळून परत यावा. खिडक्या कुणीतरी दोन बाजूंनी धरून ओढल्यासारख्या. त्यातल्या एका खिडकीत चक्क कुलर बसवलेला आहे. दारावरचं कडं नीट पाहिलं तर आंब्याच्या पानांचं निघतं. आणि बर्फाबद्दल तर बोलूच नये, कारण तो कापूस आहे.

हे मी रागाने म्हणत नाही, ही नोंद आहे. बर्फ पाहायला लोक काश्मीरला जातात. दामूभाऊ अकोटला गेले. एसटीने गेले, तिथल्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाच्या गंजीसमोर दोन दिवस बसले आणि परत येऊन मला म्हणाले, "पांढऱ्यावर पांढरं काढाचं म्हंजे सावली वळखा लागते, सर. कापसाची सावली निळी पडते. तुमाले मालूम होतं काय?" मला मालूम नव्हतं. मी त्यांना हिमवृष्टी कशी होते ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "हो, पण सावली?"

चित्र पूर्ण झालं त्याच आठवड्यात वलगावकडचे दोन शेतकरी मोटारसायकल थांबवून भिंतीकडे बघत उभे होते. एक म्हणाला, "एवढा माल आंगनात मोकळा टाकला, कोणाचा असन बापा?" दुसरा म्हणाला, "झाका म्हना लवकर. अवकाळी आली तं भिजन सारा." मी खिडकीतून ऐकत होतो. मी खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून मला कोणी नावाने ओळखत नाही. दारावर माझी पितळी पाटी आहे, शिक्षणासकट. ती वाचायची कुणाला गरज उरली नाही. सिलिंडरवाला, कुरिअरवाला, नळदुरुस्तीवाला, सगळे 'बर्फवाले सर' विचारत येतात. एका लग्नपत्रिकेवर तर ते नावाच्या जागी छापून आलं होतं. मी त्या लग्नाला गेलो नाही, जेवण मात्र चांगलं होतं असं ऐकलं.

आता मुद्द्याचं सांगतो. यंदा वैशाखात आमच्या पल्लवीचं लग्न ठरलं, माझी एकुलती एक मुलगी. मांडव माझ्या घराच्या बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर घालायचा आणि स्टेज नेमकं त्या भिंतीला लागून. म्हणजे शेचाळीस डिग्रीत नवरा-नवरी हार घालणार आणि त्यांच्या मागे बर्फात वाकडं घर. मी ठरवलं, भिंत पांढरी करायची. दहा वर्षं सोसलं, पुरे झालं. पण हे सगळं दामूभाऊंना सांगायचं होतं, आणि त्यासाठी दामूभाऊ म्हणजे काय ते आधी कळायला हवं.

वय सत्तरीच्या आसपास. अंगाने काडी. लग्न केलं नाही. एकेकाळी निम्म्या गावाचे बोर्ड त्यांच्या हातचे होते; कृषी केंद्रं, सलून, रसवंत्या, लाउडस्पीकरवाले. कुठलीही गोष्ट पाहायची तर आधी एक डोळा बारीक करतात. आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असतं: "पाहणारा कुठून पाहून राहिला, ते आधी सांगा."

त्यांच्या घराची पाटी गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेली आहे. का, तर घरी आलेला माणूस चप्पल काढताना खाली बघतो, तेव्हा वाचतो. न्हाव्याकडे गेले की त्याला सांगतात, "मांगून नीट काप. समोरून मले कोणी पाहत नाही." अन्वरभाईंच्या सायकल दुकानाचा बोर्ड रंगवायच्या आधी हे गृहस्थ एक सकाळभर त्या रस्त्यावरून सायकलने येरझारा घालत होते. शेवटी अन्वरभाई बाहेर येऊन म्हणाले, "पेंटरसाब, बोर्ड बना रहे के जनगणना कर रहे?" पुढे गावात फ्लेक्स आले आणि दामूभाऊंचं काम बसलं. त्याबद्दल त्यांनी कधी गळा काढला नाही. फक्त एवढंच म्हणायचे, "फ्लेक्सले वाटते, सारी दुनिया त्याच्या नाकासमोर उभी हाय."

आमच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर 'शाळा आहे, हळू चालवा' असं लिहायचं होतं, तेव्हा ते काम मी त्यांना मिळवून दिलं होतं. संध्याकाळी जाऊन पाहतो तर एकेक अक्षर खाटेएवढं लांब. मी म्हटलं, "दामूभाऊ, ही अक्षरं आहेत की वाळत घातलेली धोतरं?" त्यांनी मला त्यांच्या लुनावर मागे बसवलं, चौकापर्यंत नेलं आणि तिथून शाळेकडे वळवलं. लांबून येताना ती अक्षरं सरळ, नीटस, वळणदार दिसत होती. "गाडीवाल्याले नीट दिसलं म्हंजे झालं," ते म्हणाले. "तुमी काय रस्त्यात उभे राहून वाचान?" हा किस्सा मी स्टाफरूममध्ये पुष्कळ वर्षं रंगवून सांगितला. त्यातून आपण काही शिकावं असं मात्र मला वाटलं नाही. शिकवणाऱ्याला शिकायची सवय नसते.

दामूभाऊंच्या घरी त्यांची थोरली बहीण होती, कमलाबाई. दामूभाऊ तिला नुसतं 'बाई' म्हणत. आईबाप लवकर गेले, तेव्हा हिनेच भावाला वाढवलं. तीस वर्षं एका मिशनच्या दवाखान्यात आया होती. चालणं इतकं झपाझप की गल्लीत तिच्या चपलेचा आवाज आला की लोक घड्याळ लावत. तिला निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मागच्या खोलीत खाट टाकली आणि ती खाटेवर गेली, ती तिथेच राहिली.

माझी बायको मंदा दर दोन दिवसांनी तिकडे जायची, कधी ताक घेऊन, कधी नुसती बसायला. मी दारातूनच "बरं आहे ना?" असं विचारून परत फिरायचो. दहा वर्षांत मी त्या आतल्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बाईमाणसाची खोली, संकोच वाटतो, असं मी मंदाला सांगायचो. खरं म्हणजे मला आजारपणाची भीती वाटते. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहिण्यापेक्षा बरं.

बाई खाटेला लागली त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर दामूभाऊ माझ्याकडे आले होते. "सर, बाजूची भिंत देता काय?"

"कशाला?"

"एक घर काढाचं हाय."

आमच्या दोन घरांची रचना सांगतो. माझ्या घराच्या बाजूला तो रिकामा प्लॉट. प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात, माझ्या भिंतीला जवळजवळ चिकटून दामूभाऊंचं दोन खोल्यांचं घर. त्यामुळे माझी भिंत रस्त्यावरून सगळ्यांना दिसते, मला सोडून. त्या वर्षी तिच्यावर ओलीचे डाग पडले होते आणि रंगवायला मी टाळाटाळ करत होतो. फुकटात रंगते आहे म्हटल्यावर मी फार खोलात शिरलो नाही. म्हटलं, काढा.

त्यांनी दीड महिना घेतला. पद्धत अशी की शिडीवर चढायचं, दोन हात मारायचे, उतरायचं, घरात पळायचं, परत यायचं, मारलेले दोन हात पुसायचे आणि पुन्हा दोन मारायचे. मी एका सकाळी मोजलं, ते वीस वेळा आत गेले. मला दया आली. वयोमानाने काहींना हा त्रास होतो. मी हळूच बाजूला घेऊन एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. दामूभाऊंना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "तसं काही नाही, सर. पाहून येतो."

"काय पाहून येता?"

"घर."

घर बाहेर काढताहेत आणि पाहायला आत जातात. मी मंदाला म्हटलं, बाईंच्या आजारपणाचा यांच्या डोक्यावर परिणाम झाला दिसतो. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा माझं काहीतरी चुकलेलं असतं, हे मला बत्तीस वर्षांत कळलेलं आहे. काय चुकलं ते कळत नाही.

चित्र संपलं तरी ते संपलं नव्हतं. दर नाताळाच्या सकाळी दामूभाऊ अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, एक ब्रश आणि रंगाची छोटी डबी घेऊन यायचे. खाली वाकून त्या बर्फात एक निळसर डाग काढायचे. एकच. ब्रश पुसायचे आणि आत जायचे. थोड्या वेळाने आतून कमलाबाईंचा कसलासा आवाज यायचा, रडण्याचा की हसण्याचा ते मला कळायचं नाही. मग दामूभाऊ गल्लीत घरोघर वाटीभर शिरा वाटायचे. शिऱ्याचा नाताळाशी काय संबंध, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. शिरा मात्र मी खाल्ला.

असे नऊ डाग झाले. पहिला काकडीएवढा होता, पुढचे लांबत लांबत नववा दुधी भोपळ्याएवढा झाला. कुणी विचारलं तर मी सांगायचो, हे हिमनदीने वाहून आणलेले गोटे आहेत. भूगोलाचा एवढाच उपयोग मला त्या भिंतीसाठी करता आला. कधी कधी मी दामूभाऊंना टोमणा मारायचो, "घर पडायला आलं बरं का, टेकू लावा." ते एक डोळा बारीक करून म्हणायचे, "नजर कुठून हाय ते पाहा, सर." मी म्हणायचो, "माझी नजर माझ्या डोळ्यातून आहे." आणि आपण फार छान बोललो असं वाटून घरात यायचो.

मागच्या दिवाळीनंतर कमलाबाई गेल्या. मी स्मशानात गेलो, दामूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, थंडी वाढल्याचं बोललो. महिनाभराने नाताळ आला. सकाळी दामूभाऊ बाहेर आले. इस्त्रीचा सदरा होता, हातात डबी होती. भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग डबी तशीच घेऊन आत गेले. त्या दिवशी शिरा आला नाही. मी मंदाला म्हटलं, "रंग संपला वाटतं." ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मग लग्न ठरलं. व्याही अकोल्याचे, सरळ तोंडावर बोलणारे. बैठकीच्या दिवशी चहा घेऊन प्लॉटवर मांडवाची जागा पाहायला गेले आणि भिंतीसमोर थांबले.

"आमच्या अकोल्यात तुमच्याहून एक डिग्री जास्त राहते," ते म्हणाले. "पण आमी भिंतीवर बर्फ नाही काढत बा."

मी हसलो.

"अन् हे वाकडं कावून हाय? फोटोत येईन ना हे. लोक म्हनतीन, पोरीच्या बापाचं घर खचून राहिलं."

त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं की भिंत पांढरी होणार. पल्लवी म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." मंदा म्हणाली, "आधी दामूभाऊंकडे जाऊन या."

"भिंत माझी आहे. परवानगी कसली घ्यायची?"

"परवानगी नाही म्हणत मी. जाऊन या म्हणते. आतपर्यंत जाऊन या."

मी गेलो, पण दारापर्यंतच. पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. मांडव, स्टेज, फोटो, व्याही. वाद होईल या तयारीने मी मनात तीन-चार मुद्दे जुळवून नेले होते. दामूभाऊंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाव्हणे कोणीकडून बसतीन?"

"रस्त्याकडून."

"मंग त्याईले वाकडंच दिसन," ते म्हणाले. "बरोबर हाय तुमचं. पांढरी करा."

माझे मुद्दे वाया गेले. मी परत वळलो तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्या पेंटरले नका सांगू, सर. मीच करतो. सोमवारी."

सोमवारी सकाळी ते पांढऱ्या रंगाचा मोठा डबा आणि शिडी घेऊन भिंतीपाशी हजर होते. डब्याचं झाकण उघडलेलं, रंग ढवळलेला. मी देखरेखीला उभा राहिलो, कारण मला तेवढंच येतं. त्यांनी ब्रश बुडवला, वर नेला आणि तसाच परत डब्यात ठेवला.

"सर, एक डाव आत येता काय?"

"आत कुठे?"

"बाईच्या खोलीत. दोन मिनिटं."

मंदाचं 'आतपर्यंत' आठवलं. मी गेलो. खोली लहान, स्वच्छ. एक लोखंडी खाट, तिच्यावर घडी न मोडलेली चादर. खाटेला लागून खिडकी, आणि ती इतकी खाली की मला आश्चर्य वाटलं. खालच्या चार ओळी विटा काढून खिडकी उतरवलेली दिसत होती. भिंतीवर एकच वस्तू, एक जुनं शुभेच्छापत्र, कोपरे झिजलेलं.

"पडा," दामूभाऊ म्हणाले.

"काय?"

"खाटेवर पडा. डोकं उशीवर ठेवा. डाव्या कुशीवर व्हा."

मेलेल्या बाईच्या खाटेवर पडायचं म्हटल्यावर मी माझ्या गुडघ्यांचं कारण सांगितलं. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि लहान लेकराला निजवावं तसं मला निजवलं. मी डाव्या कुशीवर झालो आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

माझी भिंत तिथून तिरपी, लांबत रस्त्याकडे गेलेली दिसत होती. आणि तिच्यावर एक घर सरळ उभं होतं. दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या. दार एका माणसाने आत जावं एवढं. खिडक्या बेताच्या, आत दिवा लागलेला. छपरावरून बर्फ खाली घसरता घसरता थांबलेला आणि त्याखाली निळी सावली. मी भूगोलाचा मास्तर आहे, शपथेवर सांगतो, तो कापूस नव्हता. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं आणि माझ्या दंडावर काटा आला.

त्या वीस वेळच्या फेऱ्या मला तेव्हा कळल्या. दोन हात मारायचे आणि आत येऊन उशीवर डोकं ठेवून पाहायचं. मी त्यांना डॉक्टरांचं नाव सुचवलं होतं.

"तो कुलर?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"बाईनं सांगतला. म्हणे, उन्हाळ्यात काय करत असतीन ते लोक." दामूभाऊ खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. "तिच्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होती, बाहेरदेशची. ती परत गेली अन् हे कार्ड धाडलं तिनं नाताळात. एकच डाव धाडलं. बाईनं जपून ठेवलं. म्हणे, या घरी जाचं हाय मले एक वेळ. आत बसाचं, च्या प्याचा, अन् याचं वापस. लकवा झाला तं कार्ड हातात धरता येये ना. अन् खिडकीतून काय दिसे, तं तुमची भिंत. ओलीची."

मी मान वळवून कार्डाकडे पाहिलं. त्यावर तेच घर होतं.

"मंग मी घर काढलं. तं रडे. म्हणे, तू घर काढलं, पण मी जाऊ कशी? तिचं बोलणं मलेच समजे. मी म्हटलं, चाल मंग. हळूहळू चाल. एका नाताळाले एक पाऊल."

तेव्हा मी ते नऊ गोटे पाहिले. खिडकीच्या अगदी खालून निघून बर्फात उमटत गेलेली पावलं होती ती. उजवं जरा ओढल्यासारखं, डावं खोल. एकामागे एक, दाराच्या दिशेने. नववं पाऊल झाडाच्या पुढे गेलं होतं. तिथून दारापर्यंत बर्फ कोरा होता.

"पाऊल पडलं की तिले इतका आनंद होये," दामूभाऊ म्हणाले, "का शिरा करा लागे. गल्लीले वाट म्हणे. माप काढलं होतं मी. अकरा पावलात घर. मले वाटलं, आयुष्य पुरन."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल थांबली, चित्राकडे पाहून कुणीतरी हसलं आणि गाडी पुढे गेली. दहा वर्षं मीही तिथेच उभा राहून हसलो होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

दामूभाऊ उठले. "चाला. ऊन चढाच्या आधी पांढरं करून टाकतो."

"दामूभाऊ, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? मी भिंतीला हातसुद्धा लावू दिला नसता."

"सांगून काय, सर? पाहणारी गेली. तिच्या नजरेनं काढलं होतं. आता ते नुसतं वाकडं घर हाय. तुमचे व्याही खरं बोलले."

हे ते रडत वगैरे म्हणाले असते तर बरं झालं असतं. बोर्डावरचं नाव बदललं, जुना बोर्ड उतरवा, असं सांगावं तसं ते सांगत होते. मी अजून खाटेवरच होतो. उठायला हवं होतं, पण उठवत नव्हतं. आणि मला राग आला. माझा, त्यांचा, अकोल्याच्या व्याह्यांचा, सगळ्यांचा.

"पाहणारी गेली म्हणजे काय?" मी म्हणालो. "मी पाहतो आहे ना इथून. मी काय भिंत आहे? जा, त्या डब्याला झाकण लावा आधी."

"अन् लग्न?"

"होईल लग्न. व्याह्यांना घेऊन येतो इथे आणि करतो आडवं खाटेवर. त्यांच्यानंतर त्यांच्या भावांना. सगळ्या वऱ्हाडाला रांगेने झोपवीन, पण भिंतीला ब्रश लावू देणार नाही."

दामूभाऊंनी एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. माझी नजर कुठून आहे ते बहुधा तपासत असावेत. मग ते बाहेर गेले आणि झाकण ठोकल्याचा आवाज आला. ते परत आले तोवर मी उठून बसलो होतो आणि कार्डातल्या घराशी भिंतीवरचं घर ताडून पाहत होतो. भिंतीवरचं जास्त चांगलं होतं. कार्डात कुलर नव्हता.

"दोनच पावलं राहिली आहेत," मी म्हणालो. "मागच्या नाताळाचंही राहून गेलं आहे. निळा रंग आहे ना घरात? आजच टाका दोन्ही. मी इथे पडून सांगतो, कुठे येतात ते. पोचू द्या बाईंना एकदा."

दामूभाऊ खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्या कोऱ्या बर्फाकडे पाहत होते. मग त्यांनी मान हलवली.

"दोन एकदम नाही, सर," ते म्हणाले. "येत्या नाताळाले एक टाकू. अन् एक त्याच्या पुढच्याले. तिले दम लागते."